मराठी मंत्र्यानं रेडिओवरची फिल्मी गाणी कमी केली आणि अख्खा देश सिलोन लावून बसला

तुमच्या घरात ऐंशीच्या आसपासचं कुणी असेल तर त्यांना एकदा विचारून बघा, बुधवारी रात्री आठ वाजता काय असायचं?

उत्तर लगेच येईल. बिनाका गीतमाला. मग रेडिओ सिलोनची गोष्ट निघेल, अमीन सायानींचा आवाज निघेल, स्टेशन लावताना होणारी खरखर निघेल आणि या आठवड्यात कुठलं गाणं पहिल्या पायदानवर येणार यावरून लागलेल्या पैजाही निघतील.

आता यातली गंमत बघा. गाणी मुंबईत तयार झालेली. ती सादर करणारा माणूस मुंबईचा. कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग मुंबईत व्हायचं. पण तो ऐकायचा असेल तर काटा फिरवायचा थेट श्रीलंकेच्या कोलंबोवर. टेप विमानानं तिकडे जायच्या आणि तिथून गाणी हवेतून पुन्हा आपल्याकडे यायची.

एवढा लांबचा वळसा कशासाठी? आपल्याकडे रेडिओ नव्हता का?

होता. पण त्या रेडिओच्या वर बसलेल्या मंत्र्यांना फिल्मी संगीत अजिबात मान्य नव्हतं. हे मंत्री होते डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. म्हणजे आपलाच मराठी माणूस.

आज केसकरांची आठवण निघते ती बहुतेक वेळा चेष्टेनं. रेडिओवर फिल्मी गाण्यांना बंदी घालणारा मंत्री, एवढीच त्यांची ओळख उरली आहे. पण ही ओळख अर्धवट आहे. त्यांनी नेमकं काय केलं, का केलं आणि त्यातून काय काय उभं राहिलं, ही गोष्ट बिनाका गीतमालेइतकीच ऐकण्यासारखी आहे.

धृपद शिकलेला खासदार

केसकरांचा जन्म १९०३ चा. घर मराठी, पण घडले ते उत्तरेत. असहकाराच्या काळात राष्ट्रीय शिक्षण देण्यासाठी उभ्या राहिलेल्या काशी विद्यापीठात ते शिकले. पुढे पॅरिसला गेले आणि डॉक्टरेट घेऊन परत आले. काँग्रेसमध्ये परराष्ट्र विषयाचं काम पाहिलं, पक्षाचे सरचिटणीस झाले. संविधान सभेतही ते होते. स्वातंत्र्यानंतर नेहरूंनी त्यांना परराष्ट्र खात्यात उपमंत्री केलं.

म्हणजे माणूस साधासुधा नव्हता. शिकलेला, जग पाहिलेला आणि नेहरूंच्या विश्वासातला.

त्यांची आणखी एक ओळख होती. ते गाणं शिकलेले होते. बनारसला असताना त्यांनी धृपद गायकीचं शिक्षण घेतलं होतं. ख्याल आणि ठुमरी यांच्याही आधीची ही शिस्तीची गायकी. त्यामुळे संगीत म्हणजे फावल्या वेळची करमणूक, हे त्यांना कधीच पटलं नाही. संगीत हा देशाच्या संस्कृतीचा कणा आहे आणि तो वाकायला लागलाय, असं त्यांना मनापासून वाटायचं.

१९५२ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. केसकर उत्तर प्रदेशातून लोकसभेवर गेले आणि नेहरूंनी त्यांच्याकडे माहिती व नभोवाणी खातं दिलं.

आकाशवाणी तेव्हा पूर्णपणे सरकारच्या हातात होती. खासगी रेडिओ नव्हता आणि टीव्ही तर देशात आलाच नव्हता. ज्याच्याकडे हे खातं, त्याच्याकडे देशाचा कान. आणि केसकरांकडे हे खातं पुढे सलग दहा वर्षं राहिलं.

राजे गेले, मग गवयांनी जायचं कुठे?

केसकरांचं म्हणणं समजून घ्यायचं तर तेव्हाची परिस्थिती बघावी लागते.

शास्त्रीय संगीत शेकडो वर्षं जगलं ते राजेरजवाड्यांच्या जिवावर. बडोदा, कोल्हापूर, ग्वाल्हेर, इंदूर, म्हैसूर, रामपूर अशा दरबारांत गवई पदरी असायचे. स्वातंत्र्यानंतर संस्थानं विलीन झाली. राजांचे तनखे उरले, पण दरबार संपले. ज्या गवयाचं घर दरबाराच्या मानधनावर चालत होतं त्याच्यापुढे प्रश्न उभा राहिला, की आता खायचं काय?

केसकरांचं उत्तर होतं, आता सरकारच राजा आणि आकाशवाणी हाच दरबार.

हे त्यांनी करून दाखवलं. १९५२ मध्येच संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. शनिवारी रात्री देशभरातली केंद्रं एकाच वेळी एकाच कलाकाराची मैफल लावायची. तोपर्यंत उत्तरेतल्या श्रोत्याला कर्नाटक संगीत ऐकायला मिळणं कठीण होतं आणि मद्रासच्या श्रोत्याला किराणा घराण्याचा आवाज दूरच होता. आता दोघांनाही ते घरबसल्या मिळायला लागलं. त्यासाठी तिकीट नको की कुणाचं आमंत्रण नको.

त्याच वर्षी आकाशवाणीचा वाद्यवृंद उभा राहिला. त्याची जबाबदारी पंडित रविशंकर यांच्याकडे आली. १९५४ पासून रेडिओ संगीत संमेलन सुरू झालं. शेकडो कलाकारांना महिन्याचा पगार किंवा नियमित कार्यक्रम मिळू लागले. स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत कित्येक गवयांची आणि वादकांची चूल आकाशवाणीच्या चेकवर पेटली.

पण सरकार राजा झालं की राजासारखं वागायलाही लागतं.

कोणाला गायला बोलवायचं हे ठरवण्यासाठी ऑडिशन सुरू झाल्या. वर्षानुवर्षं मैफली गाजवलेल्या कलाकारांनाही परीक्षेला बसायला सांगण्यात आलं. मग त्यांना ए, बी असे दर्जे मिळणार आणि त्या दर्जावर मानधन ठरणार. परीक्षकांमध्ये भातखंड्यांचे शिष्य पंडित श्रीकृष्ण रातंजनकर यांच्यासारखे विद्वान होते. त्यांच्या अभ्यासाबद्दल कुणाला शंका नव्हती. पण तोंडी तालीम घेऊन मोठ्या झालेल्या कलाकारांना ही पद्धत अपमानाची वाटली. गाणं गळ्यात असलेल्याला रागाचं शास्त्र विचारून नापास करायचं, हा कुठला न्याय? कलाकारांनी निषेध केला, वाद झाले. तरी पद्धत टिकली, आणि आकाशवाणीचा ए ग्रेड कलाकार ही ओळख आजही कार्यक्रमपत्रिकेवर मानानं छापली जाते.

केसकरांच्या विचारांची दुसरीही एक बाजू होती आणि ती लपवण्यात अर्थ नाही. मुसलमान राज्यकर्त्यांच्या दरबारात आणि उस्तादांच्या घराण्यांत गेल्यावर हिंदुस्थानी संगीत आपल्या आध्यात्मिक मुळापासून तुटलं, अशी त्यांची धारणा होती. यावर संगीताच्या अभ्यासकांनी पुढे सडकून टीका केली. महाराष्ट्राला तर यातली चूक सांगायची गरजच नाही. मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी सवाई गंधर्वांना घडवलं. अल्लादिया खाँसाहेबांनी केसरबाईंना गाणं दिलं. हे उस्ताद वगळले तर मराठी माणसाच्या मैफलीत उरतं काय?

पेटीला आधीच दार बंद होतं

रेडिओवर कुठलं संगीत चालेल आणि कुठलं नाही, हे वरून ठरवण्याची सवय मात्र केसकरांनी लावलेली नाही. ती इंग्रजांच्या काळापासूनची आहे.

१ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओवर हार्मोनियमला बंदी होती. पेटीचे सूर ठोकळेबाज, त्यावर मींड आणि श्रुती निघत नाहीत, असं कारण दिलं गेलं. ही बंदी स्वातंत्र्यानंतरही चालूच राहिली आणि केसकरांच्या काळातही उठली नाही. ती सैल झाली १९७० च्या दशकात.

म्हणजे ज्या महाराष्ट्रात नाट्यसंगीत, भजन आणि कीर्तन पेटीशिवाय उभं राहत नाही, तिथल्या रेडिओवर पेटी नव्हती. पु. ल. देशपांडे हे पट्टीचे पेटीवादक. ते आकाशवाणीत नोकरीला लागले तेव्हा हीच बंदी लागू होती.

बंदी नव्हतीच, मग गाणी गेली कुठे?

आता मुख्य गोष्टीकडे येऊ.

केसकरांनी फिल्मी गाण्यांवर बंदी घातली असं सर्रास सांगितलं जातं. प्रत्यक्षात जे झालं ते थोडं वेगळं आहे.

फिल्मी संगीतात पाश्चात्त्य सुरावटींची नक्कल वाढलीय, वाद्यमेळाचा गोंगाट वाढलाय आणि शब्दांची पातळी घसरलीय, हे केसकरांचं मत होतं. म्हणून १९५२ मध्ये त्यांनी तीन गोष्टी केल्या. पहिली, आकाशवाणीच्या एकूण वेळेपैकी फिल्मी गाण्यांना जास्तीत जास्त १० टक्के जागा. दुसरी, प्रत्येक गाणं आधी तपासायचं आणि योग्य वाटलं तरच लावायचं. तिसरी, गाणं लावताना सिनेमाचं नाव सांगायचं नाही, फक्त गायकाचं सांगायचं. कारण सरकारी रेडिओवर सिनेमाचं नाव घेणं म्हणजे त्याची फुकट जाहिरात, असा विचार.

ही तिसरी अट निर्मात्यांना झोंबली. त्यांच्यासाठी रेडिओवर गाणं वाजणं म्हणजे सिनेमाचा प्रचारच होता. नावच घेणार नसाल तर आमची गाणी तुम्ही का वापरायची?

निर्मात्यांच्या संघटनेनं आकाशवाणीला दिलेली गाणी वाजवण्याची परवानगीच काढून घेतली. दहा टक्क्यांचा प्रश्न मिटला, कारण आता शून्य टक्के उरलं. काही महिन्यांतच फिल्मी गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ गायब झाली.

म्हणजे मंत्र्यांनी दार अर्धं लोटलं आणि निर्मात्यांनी बाहेरून कडी लावली. आत अडकला तो श्रोता.

आणि हे घडलं ते कोणत्या काळात? नौशाद, सी. रामचंद्र, शंकर-जयकिशन, अनिल विश्वास, एस. डी. बर्मन एकाहून एक चाली देत होते. लता, रफी, तलत, गीता दत्त, मुकेश ऐन भरात होते. आज ज्याला आपण सुवर्णकाळ म्हणतो त्याच काळात देशाच्या रेडिओवर ती गाणी ऐकायला मिळत नव्हती.

युद्धातला ट्रान्समीटर कामाला आला

इथं रेडिओ सिलोनची एन्ट्री होते.

दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या आग्नेय आशिया कमांडचं मुख्यालय सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत होतं. प्रमुख होते लॉर्ड माउंटबॅटन. दूरवर पसरलेल्या सैनिकांपर्यंत बातम्या आणि करमणूक पोहोचवण्यासाठी तिथं एक ताकदवान शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर बसवण्यात आला. युद्ध संपलं, सैनिक घरी गेले आणि ही यंत्रणा सिलोन सरकारला मिळाली.

शॉर्टवेव्हची खासियत अशी की तिच्या लहरी वर जातात, वातावरणाच्या वरच्या थरावर आदळतात आणि परत जमिनीकडे येतात. त्यामुळे हजारो किलोमीटर लांबचं स्टेशन ऐकू येतं. मीडियम वेव्हवरचं स्टेशन मात्र आसपासच्या भागापुरतं. कोलंबोहून सोडलेला आवाज नागपुरात, दिल्लीत आणि पाटण्यात पोहोचायचा तो असा. मधूनच आवाज लाटेसारखा खालीवर व्हायचा तेही याचमुळे.

रेडिओ सिलोननं १९५० च्या सुमारास जाहिराती घेणारी व्यावसायिक सेवा सुरू केली. आकाशवाणीवर जाहिराती नव्हत्या. भारतात माल विकणाऱ्या कंपन्यांना रेडिओ हवा होता, भारतातल्या श्रोत्यांना गाणी हवी होती आणि निर्मात्यांना सिनेमाचं नाव घेणारं स्टेशन हवं होतं. सिलोनकडे या तिन्ही गोष्टी होत्या.

३ डिसेंबर १९५२. वार बुधवार. बिनाका टूथपेस्टच्या जाहिरातीसाठी अर्ध्या तासाचा एक नवा कार्यक्रम सुरू झाला. सादर करणारा पोरगा विशीही न ओलांडलेला, आठवड्याला २५ रुपये मिळणार म्हणून तयार झालेला. त्याचं नाव अमीन सायानी.

सुरुवातीला ही स्पर्धा होती. सात गाणी उलटसुलट क्रमानं वाजवायची आणि श्रोत्यांनी ती काळानुसार लावून कळवायची. बक्षीस १०० रुपये. सायानी सांगायचे की पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजारांच्या आसपास पत्रं आली. पुढे आठवड्याला पासष्ट हजारांपर्यंत आकडा गेला आणि पत्रं तपासणं अशक्य झालं. मग १९५४ पासून स्पर्धा बंद करून रेकॉर्डची विक्री आणि श्रोत्यांची पसंती यांवर गाण्यांची क्रमवारी लावायला सुरुवात झाली. हीच ती पायदानांची गीतमाला.

सिलोनबरोबर गोव्यालाही श्रोते मिळाले. गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे होता आणि तिथल्या रेडिओवरही हिंदी फिल्मी गाणी वाजायची. म्हणजे ज्या पोर्तुगीजांना घालवण्यासाठी इकडे सत्याग्रह चालले होते, त्यांच्याच रेडिओवर इकडचे लोक इकडचीच गाणी ऐकत होते.

त्या काळी एक विनोद पसरला होता. दहा घरांतले रेडिओ तपासले तर नऊ घरांत सिलोन लागलेलं सापडलं आणि दहाव्या घरातला रेडिओ बिघडलेला होता. आकडा खरा म्हणून घेऊ नका, पण आकाशवाणीची अवस्था त्यातून कळते.

फिल्मी गाण्याला पर्याय शोधताना

केसकर मात्र लगेच मागे हटले नाहीत. लोकांना हलकंफुलकं गाणं हवंय ना, मग ते आपणच तयार करू, असं त्यांनी ठरवलं.

आकाशवाणीच्या केंद्रांवर सुगम संगीताचे विभाग सुरू झाले. चांगले कवी, शास्त्रीय बैठक असलेले संगीतकार आणि गायक यांना एकत्र आणायचं आणि सिनेमाशी संबंध नसलेली नवी गाणी बसवायची. याच काळात साहित्यिक आणि कलावंतांना कार्यक्रम निर्माते म्हणून आकाशवाणीत घेण्याची योजनाही आली. रेडिओ फक्त अधिकाऱ्यांनी चालवायचा नाही, ज्यांना त्यातलं कळतं त्यांनी चालवायचा, ही त्यामागची कल्पना.

हिंदी पट्ट्यात या गाण्यांनी सिलोनचा श्रोता परत आणला नाही. पण मराठीत चित्र वेगळं दिसलं. इथं भावगीताची परंपरा आधीपासून होती आणि कवी व संगीतकारांची फळी तयार होती. आकाशवाणीनं त्यांना हक्काची जागा दिली.

त्यातलं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पुणे केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ ला. दीड वर्षातच, १ एप्रिल १९५५ ला रामनवमीच्या दिवशी, तिथून गीतरामायणाचं पहिलं गाणं प्रसारित झालं. कल्पना केंद्रावरच्या सीताकांत लाड यांची, शब्द गदिमांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. दर आठवड्याला एक नवं गाणं, अशी वर्षभर ५६ गाणी. लोक रेडिओला हार घालायचे, समोर उदबत्ती लावायचे, हे आजही जुन्या पुण्यात सांगितलं जातं.

गीतरामायण केसकरांनी घडवलं असं म्हणता येणार नाही. ते लाड, गदिमा आणि बाबूजींचं काम. पण सिनेमाबाहेरच्या गाण्यासाठी वर्षभर जागा, वेळ आणि कलाकार द्यायला आकाशवाणी तयार होती, ती याच धोरणाच्या काळात. फिल्मी गाण्याच्या तोडीचं काहीतरी रेडिओनं स्वतः निर्माण करावं, हे केसकरांचं स्वप्न सगळ्यात जास्त खरं झालं ते त्यांच्याच मातृभाषेत.

पुणे केंद्रावर आणखी एक प्रयोग झाला. १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीनं पुणे, नाशिक, अहमदनगर, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतल्या दीडशेच्या आसपास गावांत रेडिओ शेतकरी मंडळं उभी राहिली. गावकऱ्यांनी एकत्र बसून शेतीचा कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि प्रश्न केंद्राला कळवायचे. प्रयोग इतका जमला की पुढे तो देशभर नेण्यात आला. रेडिओनं नुसतं बोलायचं नाही, ऐकायचंही, ही गोष्ट शेतीच्या बाबतीत केसकरांच्या खात्याला कळली होती. गाण्याच्या बाबतीत ती कळायला जरा वेळ लागला.

पाच वर्षांनी घेतलेली माघार

१९५७ पर्यंत एक गोष्ट स्पष्ट झाली होती. आकाशवाणी श्रोते गमावत होती. गाण्यासाठी लोक सिलोन लावायचे आणि काटा तिकडे गेला की बातम्याही ऐकल्या जायच्या नाहीत. पंचवार्षिक योजना, शेती, आरोग्य हे सगळं सांगायचं होतं, पण ऐकायला कुणी हवं ना. शिवाय जाहिरातींचा पैसा परदेशी स्टेशनला जात होता तो वेगळाच.

शेवटी निर्मात्यांशी तडजोड झाली आणि ३ ऑक्टोबर १९५७ ला आकाशवाणीची नवी सेवा सुरू झाली. विविध भारती. तिला हे नाव दिलं कवी पंडित नरेंद्र शर्मा यांनी. स्वतः सिनेमासाठी गाणी लिहिलेल्या या कवीलाच आकाशवाणीनं कामाला घेतलं होतं. सिलोनला उत्तर म्हणून विविध भारतीही शॉर्टवेव्हवरून देशभर जाऊ लागली.

पहिल्या दिवशी पहिलं गाणं कोणतं वाजलं असेल? फिल्मी नाही. नरेंद्र शर्मांनी खास त्या दिवसासाठी लिहिलेलं, अनिल विश्वासांनी चाल दिलेलं आणि मन्ना डेंनी गायलेलं गाणं. तिघेही सिनेमातले, गाणं मात्र सिनेमातलं नाही. केसकरांच्या खात्यानं माघार घेतली, पण तीही अशी आब राखून.

पुढचं सगळं तुम्हाला माहीत आहे. फौजी भाइयांसाठी जयमाला, नाटिकांसाठी हवामहल, फर्माइशी पाठवणारं झुमरीतलैया. साठच्या दशकात स्वस्त ट्रान्झिस्टर आले आणि रेडिओ दिवाणखान्यातून शेताच्या बांधावर, सायकलच्या हँडलवर आणि टपरीवर गेला. १ नोव्हेंबर १९६७ पासून विविध भारतीवर जाहिरातीही सुरू झाल्या.

केसकर तोपर्यंत खात्यात नव्हते. त्यांच्या काळात आणखी दोन गोष्टी झाल्या त्याही नोंदवायला हव्यात. आकाशवाणी हे नाव अधिकृतपणे वापरायला सुरुवात झाली ती याच काळात, आणि १५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत टीव्हीचं पहिलं प्रायोगिक प्रसारण झालं तेही ते मंत्री असतानाच.

लोकांची आवड ओळखण्यात ते एकदाच चुकले असंही नाही. इंग्रज गेल्यावर क्रिकेट या देशात टिकणार नाही, असंही त्यांनी एकेकाळी लिहिलं होतं. त्या अंदाजाचं पुढे काय झालं हे सांगायला नको.

गीतमाला घरी परतली

१९६२ ला मंत्रिपद संपल्यावर केसकर नॅशनल बुक ट्रस्टचे अध्यक्ष झाले आणि बरीच वर्षं तिथं राहिले. थोरामोठ्यांची छोटी, स्वस्त चरित्रं सगळ्या भारतीय भाषांत आणणाऱ्या राष्ट्रीय चरित्रमालेचे ते प्रमुख संपादक होते. जुन्या वाचनालयांत त्या मालेची पुस्तकं आजही सापडतात. संगीतावरही त्यांनी पुस्तक लिहिलं. लोकांना चांगलं ते पुरवायचं, ही त्यांची ओढ शेवटपर्यंत तशीच होती. पुस्तकांच्या बाबतीत ती चालून गेली, कारण तिथं त्यांनी कुणाच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं नाही.

१९८४ मध्ये त्यांचं निधन झालं. तेव्हा बिनाका गीतमाला सिलोनवर चालूच होती.

केसकरांचं प्रेम खोटं नव्हतं. दरबार गेल्यावर शास्त्रीय संगीताला छप्पर दिलं ते त्यांच्याच आकाशवाणीनं. आज आपण जुन्या उस्तादांची आणि पंडितांची जी रेकॉर्डिंग यूट्यूबवर शोधून ऐकतो, त्यातली कितीतरी त्याच काळात आकाशवाणीच्या स्टुडिओत झाली. चूक झाली ती एकाच ठिकाणी. शास्त्रीय संगीत लोकांपर्यंत न्यायचं तर फिल्मी गाणं त्यांच्यापासून लांब ठेवायला हवं, असं त्यांनी धरून चाललं. खरं तर एकाच घरात शनिवारी रात्री राष्ट्रीय कार्यक्रम आणि बुधवारी रात्री गीतमाला, दोन्ही चालायचं. ऐकणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

स्टुडिओवर ताबा मंत्र्यांचा होता, पण काटा फिरवायचं बटण श्रोत्याच्या घरात होतं.

गोष्टीचा शेवट १९८९ चा आहे. केसकरांना जाऊन पाच वर्षं झाली होती. त्या वर्षी गीतमाला कोलंबोहून हलली आणि नव्या स्टेशनवर ऐकू येऊ लागली. मुंबईत तयार झालेला कार्यक्रम ३७ वर्षांचा वळसा घालून घरी परतला होता.

ते नवं स्टेशन होतं आकाशवाणीचीच विविध भारती.